धवळीचं दावं

(शिरगाव, बदलापूर. सरकारी ढोरांचा डॉक्टर दोन जावांच्या गायी तपासतोय. धाकट्या कुंदाचा गोठा बघून तो आता थोरल्या गोजरबाईच्या गोठ्यात आलाय.)

गोजरबाई: तिकडं येवढा येळ काय बघत व्हता, डॉक्टर? तिच्या तांबूच्या मांडीवर शेनाचे पोपडे. हात धुवा आधी. इथं बघा, चुना मारलाय, फिनेल टाकलाय. धवळीच्या अंगावर एक डाग दाखवा.

डॉक्टर: डाग नाहीच. इतकी स्वच्छ गाय मी या भागात पाहिली नाही.

गोजरबाई: ऐकलंस, कुंदे? दारात उभी हायस तर नीट ऐक. एकाच गायीच्या दोघी, मामंजींनी वाटनीत एकेक दिली. पन हिच्या तांबूचं दूध वाढलं की गावभर बोभाटा.

कुंदा: मी कुठं काय बोलते, ताई. लोकच इचारतात.

गोजरबाई: लोकांचं ऱ्हाऊ दे. डॉक्टर, जिची गाय सुखात तिलाच जर्सी कालवड देनार ना? मंग माजं नाव घाला.

डॉक्टर: थांबा जरा. ही बसते कधी?

गोजरबाई: बसली की शेनात लोळते. म्हनून दावं आखूड केलंय, खुंट्याला वरच्या अंगाला बांधलंय. तुमी येनार कळलं तवापास्नं.

डॉक्टर: म्हणजे आठवडाभर? हे गुडघे बघा, सुजलेत. दाबू नका, ठणकत असतील. बसायला म्हणून ती पुढचे गुडघे फरशीवर टेकते, दावं मान वर ओढतं, मग परत उठते. रात्रभर हेच चालत असणार.

गोजरबाई: फरशी रोज धुते मी.

डॉक्टर: दिसतंय ते. पण तांबू शेणात का असेना, पाय पसरून रवंथ करत बसली होती. मी आत गेलो तरी उठली नाही. कालवड कुंदाबाईंना मिळेल.

गोजरबाई: तिलाच मिळनार. ही घरात आल्यापास्नं समदं हिलाच. मामंजी आजारात पानी मागायचे ते पन हिच्याकडंच. निदान गाय तरी माजी उजवी ठरंल, येवढंच व्हतं माज्या मनात.

कुंदा: ताई, पेंढा आनलाय. खाली पसरू का?

गोजरबाई: माज्या गायीला हात लावू नको. ठेव तिथं. मी पसरते.

डॉक्टर: आधी दावं सैल करा.

गोजरबाई: करते ना. गाठ आवळलीय. थांब गं धवळे, ओढू नको... सुटली. ये आता खाली.

कुंदा: बसली, ताई.

गोजरबाई: केवढा उसासा टाकला बघ बसताना. तुजी टाकते असा?

कुंदा: टाकते की. रोजच.

गोजरबाई: मंग माजी पन टाकत आसंल आधी. माजा कान सदा तुज्या गोठ्याकडं.