भात्यावरचा हात

नाही नाही, काका, उचलू नका अजून, चहा तरी घ्या. आई पाण्याला गेलीये, येईलच, आणि आबांची ड्युटी सुटून ते अंबडहून सायकलवर यायचे, म्हणजे वेळ आहे — मनमाडला काय, गाड्या खूप आहेत. हो, आबांनी मला सकाळीच सांगितलंय, मनमाडचे यादवकाका येतील, पेटी त्यांच्या हवाली कर, वर जुनी चादर नीट गुंडाळून दे. देते ना. मी कुठे नाही म्हणते? फक्त माणसानं घ्यायच्या आधी वस्तू बघावी की नाही? ही काळी पट्टी बघा — पावसाळ्यात फुगते, दाबली की वर यायचं नाव घेत नाही. आतलं चामडं एकदा उंदरानं खाल्लेलं आहे. तुमची गायन पार्टी, जयंतीचा कार्यक्रम, समोर एवढी माणसं, आणि ऐन कडव्यात पट्टी अडकली तर? — हसताय तुम्ही. बरोबर आहे, तुम्ही आबांच्या शेजारी बसून गायलाय, तुम्हाला ही पेटी माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुम्हाला काय फसवणार मी.

बरं, मग एक काम करा माझं, एकच, आणि मग न्या. मला वाजवायला एक धून निवडून द्या. रविवारी देवळाली कॅम्पात स्पर्धा आहे, शाळाशाळांची, पियानोची — हो, पियानो, आमच्या शाळेच्या हॉलमध्ये आहे एक, इंग्रजांच्या वेळचा. प्रार्थनेला पेटी वाजवणारी मुलगी एकदा आली नाही, म्हणून मला बसवलं, आणि अमोलिक मिसनी ऐकून ठेवलं. तेव्हापासून मधल्या सुट्टीत शिकवतात. आता उद्या पहिल्या तासाच्या आत त्यांना सांगायचंय की मी काय वाजवणार. लहान पाहिजे, तीन मिनिटांत संपलं पाहिजे, आणि पुण्याहून येणारे परीक्षक मान वर करून बघतील असं पाहिजे. नाही सांगितलं तर माझ्याऐवजी आमच्या वर्गातली फिरोजा जाईल. माझ्यापाशी दोन आहेत. नावं त्यांची जर्मन का काय आहेत, मला म्हणता येत नाहीत, मी आपली एकाला घोडा म्हणते आणि एकाला घंटा. घोडा लांबून येतो, अगदी हळू, मग जवळ, मग अंगावर, आणि परत लांब जातो. सगळ्यांना घोडा आवडतो. फिरोजाचा घोडा आला की हॉलच्या काचा वाजतात — तिच्या गंगापूर रोडच्या बंगल्यात स्वतःचा पियानो आहे. माझा ऐकून ती म्हणाली, तुझा घोडा पेंड खाऊन झोपलाय. सगळ्या मुली हसल्या. मीपण हसले, काय करणार.

खोटं नाही बोलली ती. माझा घोडा लांबून येतच नाही, काका, जिथं उभा आहे तिथंच उभा राहतो. बोटं पळतात, एक सूर चुकत नाही, पण सगळं एकसारखं. मिस म्हणतात, टाइपरायटर चाललाय जसा. पियानोवर म्हणे बोटानं जोर द्यायचा, बोट जोरात पडलं की सूर मोठा, अलगद पडलं की लहान. आता मला सांगा, पेटीवर असं असतं का? पेटीची पट्टी तुम्ही मारा नाहीतर गोंजारा, सूर तेवढाच. लहान-मोठं करतो तो भाता. आणि भाता माझ्या हातात नसतोच —

म्हणजे — असू दे. चहा गार होतोय तुमचा.

नाही, सांगते, तुम्हाला सांगायला काय हरकत आहे. तुम्हाला आबांचा उजवा पंजा माहीतच आहे. कंपनीत प्रेस मशीनखाली गेला तेव्हा तुम्ही भेटायला आला होतात, संत्री आणली होती. मग कंपनीनं त्यांना गेटवर वॉचमन म्हणून बसवलं. नंतर कितीतरी दिवस त्यांनी ही पेटी उघडूच दिली नाही. कोणी पेटीमास्तर म्हणून हाक मारली की ते वळायचेच नाहीत. एकदा ते घरी नाहीत म्हणून मी उघडली, आपली एका हातानं वाजवत बसले होते, आणि मागून आलेच ते. मला वाटलं आता ओरडतात. ओरडले नाहीत. पेटीच्या पलीकडच्या बाजूला बसले, डावा हात भात्यावर ठेवला आणि म्हणाले, "वाजव." एवढंच. तेव्हापासून रोजचं आमचं तेच. माझे दोन हात, त्यांचा एक. मी कुठं चढणार ते मला कळायच्या आधी त्यांना कळतं, हवा आलेली असते. ओळ संपली की त्यांचा हात मागे येतो, मी थांबते, मग पुढची ओळ. आई म्हणते, भाता मारून उठले की त्यांना भूक लागते. एरवी लागत नाही.

तेच तर मिसना नको आहे. मधे आबांना शाळेत बोलावलं त्यांनी. आबा ड्युटीवरूनच आलेले, टोपी काखेत. मिस वाईट नाहीत हो, चांगल्यासाठीच म्हणाल्या, "पेटीनं हिची बोटं आळशी केलीत. ती घरात आहे तोवर जोर यायचा नाही." आबांनी मान हलवली. येताना सायकलवर मला पुढे बसवलं, लहानपणी बसवायचे तसं. आणि तुम्हाला कार्ड टाकलं. मला विचारलंसुद्धा नाही. मी तरी बोलायला पाहिजे होतं, पण माझ्या तोंडून वेळेवर शब्द निघत नाहीत — शाळेत कुणालाही विचारा. आज तुमच्यापाशीच काय सुटलंय कोण जाणे. तेव्हापासून मी पाट्यावर बोटं आपटते, बाकावर आपटते. हे बघा नख. घोडा जमला असता तर मिसनी स्वतःच म्हटलं असतं, काही बिघडलं नाही हिच्या बोटांचं, राहू दे पेटी. रविवारी जमला तरी चाललं असतं. पण तुम्ही तर आजच आलात.

काय म्हणाले आबा तुम्हाला? कार्डात काय लिहिलं होतं? — "मला आता लागत नाही"? असं? असं लिहिलं त्यांनी?

बसा ना, काका. बसा. इथं नाही, पलीकडच्या बाजूला. भात्यावर हात ठेवा. मला दोन्ही हात पट्ट्यांवर लागतात, तेव्हा कुणीतरी भाता मारायलाच पाहिजे. हा घोडा. — अहो हळू, हळू, तो अजून लांब आहे, तुम्ही आत्ताच दारात आणून उभा केलात. — हां. आता थोडं. आता — नाही, गेला. जाऊ दे. तुमची चूक नाही, तुम्ही गाणारे. खरं सांगा, कसा वाटला? — हं. मलापण तसाच वाटतो. दुसऱ्या कुणाचा तरी.

आता घंटा ऐका. यात काहीच नाही, मिस म्हणतात परीक्षकांना झोप लागेल. एक सूर वाजतो, तो पार विरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. कागदावर तसं लिहिलेलंच आहे, की थांबा. बाकी कुठलंही वाजवताना मी ओळीच्या शेवटी थांबते आणि मिस टेबलावर फूटपट्टी आपटतात — का थांबलीस, पियानोला श्वास लागत नाही. मला माहीत आहे लागत नाही. पण माझे कान आबांचा हात मागे यायची वाट बघतात, त्याला मी काय करू? घंटेत मात्र कुणी मला चुकली म्हणणार नाही. तिथं थांबायचंच असतं. कॅम्पातल्या त्या मोठ्या हॉलमध्ये, एवढ्या लोकांत, मी थांबेन आणि कुणाला कळणारही नाही कुणासाठी. — मारा भाता. सावकाश. — थांबा. — आता. — थांबा. असं. — आता…

काका? भाता का थांबवलात? अजून एक सूर होता शेवटचा. माझ्या मागे काय बघताय?

आबा. कधी आलात? सायकल वाजली नाही.

काका, हात काढा. भात्यावरचा हात काढा ना.

मी घंटाच वाजवणार आहे, आबा. उद्या मिसना सांगते. नंबर नाही आला तर नाही आला. त्यातला शेवटचा सूर राहिलाय, डबा ठेवा आणि बसा इकडे. — काका, तुमची गाडी चुकेल. नाही, ती चादर राहू दे तिथंच, गुंडाळू नका. जय भीम, काका. जाताना दार लोटून घ्या.