नख्लेची गोरी, तान्नूसची काळी

तान्नूस: दादा, जाळ कमी कर. उतू गेलं तर वहिनींची शेगडी तूच पुसशील.

नख्ले: माझी बिअर आहे, मी बघतो. संत्र्याची सालं दे इकडे. तुझी काळी दुपारी, हे पातेलं रिकामं झालं की.

तान्नूस: बिअरमध्ये सालं. अजून मुरंबाच घालतोस तू.

नख्ले: आणि तू खरनूबच्या शेंगांची काकवी ओततोस. खोकल्याचं औषध नुसतं.

वदाद: भाऊजी, कॉफी घ्या. दोन वर्षांनी भावाच्या घरी आलात, आल्या आल्या भांडू नका.

तान्नूस: भांडतोय कुठे, वहिनी? दादाला शिकायचंय म्हणून आलो, तर शिकवतोय.

नख्ले: कुणाला शिकायचंय?

तान्नूस: तुला. वहिनींनी फोनवर सांगितलं ना. काळी बिअर तान्नूससारखी कुणाला जमत नाही, असं म्हणालास म्हणे.

नख्ले: मी? मला तर ही म्हणाली, तान्नूसला पश्चात्ताप झालाय. संत मार इल्यासच्या जत्रेत, सगळ्या गावासमोर माझ्या बिअरला घोड्याचं मूत म्हणाल्याचा.

तान्नूस: गाढवाचं म्हणालो होतो.

नख्ले: वदाद.

वदाद: ऐकतेय. तुमचे धणे कुटतेय.

नख्ले: खोटं बोललीस?

वदाद: दोघांशीही. एकाशीच बोलले असते तर दुजाभाव झाला असता.

तान्नूस: मी निघतो.

वदाद: निघा. पण तुमचे भाजलेले सातू भिजत पडलेत. ह्यांच्या हवाली करून जाताय?

नख्ले: जाऊ दे त्याला. उरलेली सालं त्यात टाकतो.

तान्नूस: हात तर लावून बघ.

(दुपार. वीज गेलेली. त्याच पातेल्यात काळी उकळतेय.)

नख्ले: सरक, मी ढवळतो. तुझा घाम पडून खारट व्हायची.

तान्नूस: तळापासून ढवळ. काकवी लागते खाली.

नख्ले: चमचाभर दे बघू. हं.

तान्नूस: हं म्हणजे?

नख्ले: म्हणजे वाईट नाही.

तान्नूस: तुझ्या गोरीचाही वास बरा येत होता. पिंपात ओतताना.

वदाद: आता दोन्ही पिंपं दोन आठवडे आंबू देत. मग बाटल्या भरायच्या.

तान्नूस: ते याच्या एकट्याच्या भरवशावर नको. साखर जास्त घालतो, बाटल्या फुटतात.

वदाद: मग या की. जेवायलाच या.

तान्नूस: येईन. पण या वेळी कोण बोलावतंय, ते मला नीट कळू दे.

नख्ले: मी बोलावतोय.