सहा अंश

आदरणीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, ताई, ताईंचे यजमान, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे उभे असलेले माझे सहकारी,

मला पाच मिनिटं दिलीत, आभारी आहे. कागद आणलाय, पण तो वाचणार नाही.

ताईंना आम्ही मागून 'कुलूप' म्हणायचो. ताई, हसू नका, तुम्हाला माहीत होतं! रक्तपेढीच्या फ्रिजचा आपला प्रोग्राम. तापमान सहा अंशांवर गेलं की भोंगा. तो सहा ताईंनी थेट कोडमध्येच लिहिलेला. मी नवा, कॉलेजातून शिकून आलेला.

"ताई, असे आकडे कोडमध्ये कोण लिहितं? सेटिंगमध्ये टाकू, ज्याला हवं तो बदलेल."

"ज्याला हवं तो बदलेल, तीच भीती आहे रे. बाकी शंभर गोष्टी टाक सेटिंगमध्ये. हा सहा नको."

मंडळी, कोणाचं बरोबर होतं? थांबा, पाणी पितो.

ताई वडिलांच्या ऑपरेशनसाठी तीन दिवस रजेवर गेल्या. अडलं तर असू दे म्हणून मला स्वतःचा पासवर्ड देऊन. मी सहा सेटिंगमध्ये टाकला. बदलाला दुसऱ्याची मंजुरी लागते ना? ती ताईंच्या नावाने मीच दिली.

महिन्याभरात रक्तपेढीतल्या एका टेक्निशियनने भोंग्याला कंटाळून सहाचे सोळा केले. त्याला तरी काय बोलणार? आकडा बदलायची चौकट मीच दिली होती. फ्रिज तापला तरी भोंगा वाजला नाही, रक्ताच्या एक्केचाळीस पिशव्या फेकल्या. एका बाईंचं ऑपरेशन पुढे ढकललं. त्या वाचल्या, हे आपलं नशीब.

चौकशीत मंजुरीपुढे ताईंचं नाव निघालं. ताई म्हणाल्या, "हो, माझीच." बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "तुझी सुरुवात आहे. गप्प बस."

आणि मी बसलो. चार महिने! आज इथे 'स्वेच्छानिवृत्ती' असा फलक लावलाय. कसली स्वेच्छा?

ताई मान हलवून खाली बस म्हणतायत. नाही ताई, आज नाही.

साहेब, ताईंच्या निवृत्तीच्या अर्जावर तुमची सही उद्या आहे असं ऐकलंय. त्याआधी चौकशीचा कागद पुन्हा उघडा. नाव बदलायचंय. माझं घाला.

सगळ्यांनी ऐकून घेतलंत, मनापासून धन्यवाद. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर माफ करा. फक्त बोलण्यातलं.