दामूच्या गाडीचे दिवे

गाडीचे दिवे उजळावेत तर आख्ख्या नागापुरात मीच! आता खरं सांगायचं तर आयुष्यात दोनच उजळले, तेही शेजारच्या दामूकडून घासून घेतले.

नव्वदच्या सुमाराला दामूनं जुनी गाडी घेतली. दिव्यांच्या काचा ताकासारख्या गढूळ. त्याची बायको शांतावहिनी माहेरी, कोल्हारला. तिथून निरोप आला, "दिवे लख्ख झाल्याबिगर मी त्या गाडीत बसायची न्हाई." दामूचं तोंड एवढंसं झालं.

मी म्हणालो, "टूथपेस्टनं घास. पन ब्रश मऊ पायजे."

"माझा राठ हाय."

"वहिनींचा हाय की!"

"आरं, मारंल ती!"

"मारायला आधी घरी तर येऊ दे."

बिचारा दुपारभर घासत होता. मी ओट्यावर चहा पीत "अजून थोडं" म्हणत होतो. तो ओटाही आता राहिला नाही. पण काचा आरशासारख्या झाल्या आणि वहिनी त्याच गाडीतून हसत घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजारलेला, काळा पडलेला ब्रश घेऊन माझ्या दारात उभ्या.

"वहिनी, या ब्रशनंच तुमाला घरी आणलं!" मी दात काढले.

त्यांनी ब्रश माझ्या हातात ठेवला.

"मग भावजी, आता तुमच्या दातांवरबी फिरवा. त्या काचा एवढ्या गढूळ नव्हत्या."