हेराच्या चपला

सीताबर्डीला कोराडीच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या. धाकटीच्या हातात माझ्या बाबांची शेवटची कादंबरी होती.

“काहून वं प्रेमिला, तुहा तो रेशन ऑफिसातला कारकून शत्रूच्या घरात शिरला का नाही?”

“शिरला ना मावशी. पण दाराबाहेर चपला काढून शिरला!”

“अवं माय! हेर हाये का पाहुणा?”

“सवय ना! चपला पाहूनच त्यायले समजलं, आत कोणी हाये म्हणून.”

“मंग पकडला?”

“तिथंच पुस्तक संपलं. लिहिणारे वारले म्हणते.”

“मंग तो बिचारा आतच राह्यला?”

“सुटला तो,” मी म्हणाले. “मागच्या दारानं, अनवाणी. बाबांनी वहीत लिहून ठेवलंय.”

“अन् चपला?”

“त्या राहिल्या दाराबाहेर.”

घरी बाबांच्याही अजून तशाच आहेत.