जावयाले पाह्यजे दहा आकडी वर्ग

...आता जावई रुसते, हे आपल्याले मंजूर हाय! रीतच हाय आपल्या इकडची. पंगतीत ताटाले हात लावत नाही, मंग सासऱ्यानं हात जोडाचे, घड्याळ म्हणा, अंगठी म्हणा, काहीतरी कबूल कराचं, अन् मंग तो घास घेते. पण आकडा? आकडा मागते का हो कोणी? आकड्यानं पोट भरते काय?

तुम्हाले सांगतो, आमच्या पोरीचं, दीपमालाचं लग्न, अमडापूरले, दारातच मांडव. जावई भागवतराव, मलकापूरले कॉलेजात गणित शिकवतात. मी म्हटलं, मास्तर माणूस, फार तर पेन मागन! तर हे ताटाभोवतीच्या रांगोळीकडं पाहत, शांतपणे काय म्हणतात? "मामा, मले दहा आकडी वर्ग पाह्यजे. शून्यापासून नवापर्यंत सारे आकडे त्याच्यात एकेकदाच आले पाह्यजेत. असे पुष्कळ हायेत, पण मले सगळ्यात मोठा द्या."

मी बायकोकडं, जनकाबाईकडं पाह्यलं, जनकाबाईनं माह्याकडं... हे दुकानात भेटते का हो?

अन् रीत अशी, की जावयानं घास घेतल्याबिगर पंगत जेवत नाही! शंभर ताटं वाढलेली, वरण थंड होऊन राह्यलं, व्याह्याकडच्या म्हाताऱ्या माणसायले शुगर, एक आजोबा तर जोडे शोधाले उठलेच! पंगत उठली असती ना, तर गावात तोंड दाखवाले जागा नव्हती मले. भेवच वाटला, खरं सांगतो.

आमचा साळा गोपाल, त्याले लई अक्कल! "अर्जुनराव, सोपं हाय! नऊ-आठ-सात-सहा करत शून्यापर्यंत या, ह्याच्याहून मोठा कोणता असन?" जावई म्हणतात, "मोठा हाय, पण वर्ग नाही. वर्गाच्या शेवटी शून्यं जोडीनं येतात, इथं एकच हाय, मामा." झालं! सारी पंगत मोबाईल काढून गुणाकार करत बसली. बुंदीकडं कोणी पाहीना! आकड्यानं पोट भरते काय?

मंग आमची दीपमाला, शालूतली नवरी, मान खाली घालून बोलली, "नऊशे एक्याऐंशी कोटी, चाळीस लाख, बहात्तर हजार, तीनशे छपन्न. नव्व्याण्णव हजार सहासष्टाचा वर्ग." अन् रांगोळीत बोटानं इंग्रजीत लिहिलं: 99066. ती तिकून वाचे, मी समोर वाढाले उभा, मी इकून वाचलं... सारखंच! उलटं केलं तरी तेच!

मले रडूच आलं हो. व्याही गोपालले म्हणतात, "पोरगी भारी हाय!" आता मले काय ठाऊक, साखरपुड्यापासून ह्या दोघायचं फोनवर हेच चाले! लोकं गोड बोलतात, हे वर्गमूळ काढतात!

जावयानं घास घेतला. मी म्हटलं, सुटलो! तर पोरीनं ताट सरकवलं. "आता मी रुसली. मले ह्याच्याहून मोठा पाह्यजे."

जावई गडबडले. "अगं, नाहीच ना! हाच शेवटचा हाय."

"नाही ना? मंग सकाळचा चहा जलमभर तुम्ही कराचा."

सारी पंगत हसली, जावई लाजत 'हाव' म्हणाले, अन् लोकं जेवाले लागले एकदाचे.

आता पोरगी फोनवर सांगते, चहा चांगला करतात म्हणून. ठीक हाय, चांगली गोष्ट हाय. पण जनकाबाई तिथंच उभी होती ना हो! दुसऱ्या दिवशी सकाळी गोधडीतूनच म्हणते, "अहो, ह्याच्याहून मोठा आकडा असन, तर सांगा... नाहीतर दूध तापवा."

तापवतो. मले वर्ग म्हणजे काय, तेबी अजून समजेल नाही!