गप्पांच्या ग्रुपवरची म्हैस

पशुवैद्यांच्या ‘अवांतर’ ग्रुपमधून डॉक्टर बुद्धभूषणना काढून टाकलं. पण जणू तसं काही झालंच नाही. खडकीच्या बसच्या रांगेत ते आणि अ‍ॅडमिन तनुजा मॅडम माझ्यापुढे हवापाण्यावर बोलत होते. मग डॉक्टरांना राहवेना.

“मॅडम, माझं चुकलं काय?”

“गप्पांच्या ग्रुपवर म्हशीचा ताप विचारलात.”

“आधी कामाच्या ग्रुपवरच विचारला होता. तिथे कोणी नसतंच!”

“मी असते.”

“‘अवांतर’वर सगळ्यांनी उपाय सुचवले. म्हैस उठून चरायला गेली!”

“अभिनंदन. पण सुरळीच्या वडीची चर्चा बुडाली.”

“मला तिथेच करमतं हो.”

“मग रीतसर अर्ज करा.”

“केलाय. वाचतो. ‘महोदया, सदर म्हैस आता बरी असून तिलाही सुरळीच्या वडीबद्दल मत आहे. तरी आम्हां दोघांना ‘अवांतर’मध्ये सामावून घ्यावे, ही नम्र विनंती.’”